साठीनंतरची नागीण

साठीनंतर बायकांनी शिकायच्या वाद्यांमध्ये बेंजो बसत नाही. पेटी बसते, सतार बसते, भजनी मंडळात जायचं तर टाळ असतातच. एखादीनं सिंथेसायझर घेतला, तर तो नातवंडांसाठी घेतलाय असं म्हणून खपून जातो. पण बेंजो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे हातगाडीवरचे भोंगे येतात, गुलाल येतो, ताशा येतो आणि दातांत रुमाल धरून भर रस्त्यात लोळणारा नवरदेवाचा मामा येतो. त्या चित्रात कॉटनची साडी, चष्मा आणि गुडघ्याला पट्टा असलेली मी कुठं उभी राहायची, हे कुणाला कळत नाही. मी बेंजो शिकते असं सांगितलं की माणसं आधी हसतात, मग माझा चेहरा बघून हसू आवरतात आणि म्हणतात, "वा वा, काहीतरी करत राहावं माणसानं." जोर 'काहीतरी'वर असतो.

वाद्य म्हणाल तर साधं आहे. दोन-अडीच फूट लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांच्या वर कळांची रांग. डाव्या हाताच्या बोटानं कळ दाबली की ती तारेवर टेकते आणि उजव्या हातातल्या पिकनं तार छेडली की सूर निघतो. काही तारांवर गाणं वाजतं, उरलेल्या तारा बाजूनं साथ धरून असतात. पुस्तकात याला बुलबुल तरंग म्हणतात. वाजवणाऱ्यांपैकी कुणी ते नाव तोंडातून काढल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला पिकअप बसवला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली आणि पट्टा गळ्यात अडकवला की मुंबई-ठाण्यात आणि कोकणात तो बेंजो. रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन याच मंडळींवर हिंदी सिनेमा काढला, तेव्हा आमच्या सुनेला सासूबाई काय शिकताहेत हे माहेरी सांगायची सोय झाली.

अमेरिकेतल्या भाच्याला मात्र ती सोय नव्हती. व्हिडिओ कॉलवर त्यानं "मावशी, दाखव ना तुझा बेंजो" म्हणून हट्ट धरला आणि मी पेटी समोर धरली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या मनात तिकडचा बेंजो होता. गोल तोंडाचा, वर चामडं किंवा प्लास्टिक ताणलेला, लांब दांड्याचा, आणि पाचवी तार इतर चौघींपेक्षा आखूड. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं लावून केलेल्या वाद्यापासून तो घडला आणि पुढं गोऱ्यांच्या गाण्यात इतका मुरला की त्याचं मूळ कुठलं हे लोक विसरून गेले. नॉर्थ कॅरोलिनातल्या अर्ल स्क्रग्जनं तीन बोटांनी तो असा काही वाजवला की तिकडची पोरं आजही त्याच्यामागून धावताहेत. भाच्यानं मला त्याचा व्हिडिओ पाठवला. बघून दोन दिवस मी माझ्या पेटीला हात लावला नाही. दोन्ही वाद्यांचं आडनाव तेवढं एक. बाकी एकाच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण दुसऱ्याला जात नाही.

आमच्या बेंजोचं मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसानं हे वाद्य बनवलं. त्याच वर्षी तिकडं तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. तारांवर कळा बसवायची कल्पना त्याला सुचली ती टाइपरायटरवरून. हे वाचलं आणि मी उठून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणाला फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण माझी सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली.

गोदरेजनं १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला, त्याच घराण्यातल्या एका मशीनवर मी फोर्टमधल्या एका कचेरीत बसले. ए एस डी एफ करत मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांची परीक्षा दिली, बोटांना डोळ्यांची गरज उरली नाही इतकी घटवली, आणि नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा कीबोर्डही इतक्या जोरात बडवला की साहेब केबिनमधून म्हणायचे, "बाई, तो इलेक्ट्रॉनिक आहे." तेव्हा कळांचं वाद्य आपल्याला जन्मजात येणार, फक्त मास्तरांनी हात दाखवायचा अवकाश, अशी माझी खात्री होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. माझ्या गुडघ्याला पट्टा होता एवढाच फरक.

मास्तर मिळाला तो आमच्या वायरिंगच्या कामाला येणारा मुलगा. दिवसा इलेक्ट्रिशियन, सीझनला बेंजोवाला. वय असेल चोविसेक. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं म्हणून आम्ही एक तह केला. शिकवणी चालू असताना मी त्याला "अहो मास्तर" म्हणते. चहा आला की तो पुन्हा "अरे" होतो. त्याला मात्र मी दोन्ही वेळा "काकू"च.

पहिल्या धड्याला मी कळा अशा सफाईनं दाबल्या की मला माझंच कौतुक वाटलं. आवाज आला टक, टक, टक. सूर म्हणावा असं त्यात काही नव्हतं. मास्तरांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही टाइप करताय."

ते अगदी खरं होतं. टाइपरायटरवर कळ मारायची आणि सोडायची. बोट रेंगाळलं तर अक्षर फरफटतं, पुढची दांडी मागच्या दांडीत अडकते. बोट जितकं लवकर उठेल तितकी टायपिस्ट चांगली. बेंजोवर उलटं. सूर हवा असेल तोवर कळ दाबून धरायची. बोट उचललं की सूर मेला. जरा हलकं धरलं तर तार झर्र करून तक्रार करते. म्हणजे जे बोटांना शिकवण्यासाठी सरकारी परीक्षा दिली, ते सगळं आधी विसरायचं होतं. शिकणं तसं सोपं असतं, हे शिकलेलं पुसणं जड जातं. कळ दाबायची, धरायची आणि बोटात येईल ती कळ सोसायची, असा माझा रियाज सुरू झाला. त्यात दोन हातांची भाऊबंदकी वेगळीच. टायपिंगमध्ये दोन्ही हात एकच काम करतात. इथं डावा सूर शोधतो आणि उजवा छेडतो, आणि डाव्याला सूर सापडण्याआधीच उजवा छेडून मोकळा होतो.

दुसरी अडचण कानाची. टायपिस्ट समोरचा कागद वाचते आणि बोटं चालवते, मधे अर्थाला थांबा नसतो. मी असंख्य पत्रं टाइप केली, त्यांतल्या कुणाला नोकरीवरून काढलं आणि कुणाला बढती मिळाली हे मला जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींकडून कळायचं. तेव्हा मी मास्तरांकडे मागितला तो कागद. नोटेशन द्या, मी वाजवते. मास्तरांकडे नोटेशन नाही. सारेगम त्यांना ओझरती ठाऊक आहे, कुठल्या गाण्याची पट्टी कोणती हे ते पाहुण्याचं गाव सांगावं तितक्या सहज सांगतात, पण लिहून द्या म्हटलं की गोंधळतात. "ऐका आणि शोधा काकू," एवढंच त्यांचं शास्त्र. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं. मंडळाच्या खोलीत मोठी मुलं वाजवायची, हे कोपऱ्यात बसून बघायचे, कुणी उठून चहाला गेला की तेवढ्यात हात साफ करून घ्यायचे.

ही मंडळाची खोली मला माहीत होती. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. तळमजल्याला मंडळाची खोली आणि तिथं बेंजो. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा तो वाजवायचा आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस जिन्याखाली त्याचा सराव चालायचा. आम्ही मुली गॅलरीच्या कठड्याला टेकून ऐकायचो. खाली जायची मनाई अशी कुणी केली नव्हती, कारण खाली जावं असं कुणा मुलीला वाटेल हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. पुढं तो गिरणीत लागला. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच, आणि मग लग्नाच्या वरातींत वाजवून त्यानं दोन भावंडांची शिक्षणं केली. चाळीत त्याच्याविषयी कौतुकानं कुणी बोलत नसे. "बेंजो वाजवतो" हे सांगताना आवाज जरा खाली यायचा. आज कुणी तबला वाजवून दोन भावंडं शिकवली असं सांगितलं तर आपण त्या माणसाचा सत्कार करू.

मास्तरांचं पंचांग हा आमच्या शिकवणीचा खरा अभ्यासक्रम. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, मास्तर गायब. शिमग्याला कोकणात. मे महिन्यात तर फोनही उचलत नाहीत. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, तेव्हा जरा श्वास मिळतो, तोवर गोकुळाष्टमीच्या हंड्या येतात आणि मग गणपती. नंतर नवरात्र. यात निवांत असा काळ कोणता उरला, तर पितृपक्ष. ना लग्न, ना मिरवणूक, ना वास्तुशांत. तेव्हा माझी खरी प्रगती पितृपक्षात होते. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "अगं, या दिवसांत नवीन काही शिकू नये." मी म्हटलं, नवीन कुठं, जुनंच घोटतेय. शिवाय सासूबाईंना बेंजो मनापासून आवडायचा. त्यांच्या शेवटच्या गणपतीत मिरवणूक दारावरून जाताना त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढून मागितली होती. तेव्हा या पंधरवड्यात त्यांच्या कानांवर काही पडत असेल तर बिचाऱ्यांना घास घेताना करमणूक.

काय शिकायचं, हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मास्तरांना वाटलं होतं, काकू आरती म्हणतील, फार तर एखादं भावगीत. मी म्हटलं, नागीण.

नागीण म्हणजे कोणती धून, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. १९५४ च्या 'नागिन' सिनेमात हेमंतकुमारांच्या संगीतात जी बीन वाजली, तिच्यावाचून आजही वरात दारापर्यंत पोचत नाही. पण या धुनेची कुळकथा मला फार आवडते. ती बीन मुळी बीन नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढं कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी, यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली. त्याला कळा होत्या, आणि ते फ्रान्समध्ये १९४७ च्या सुमारास निघालं होतं. सोबत रवी हार्मोनियमवर होते. ते पुढं स्वतः मोठे संगीतकार झाले. म्हणजे फ्रेंच यंत्रानं गारुड्याची पुंगी काढून दाखवली, ती जपानी पेटीवर उतरवून आमच्या लालबाग-परळच्या पोरांनी तिच्यावर पिढ्यान् पिढ्या नाचवल्या. आणि सापाला तर बाहेरचा कान नसतो. गारुड्यासमोर तो डुलतो ते पुंगीच्या हालण्यावर. इतकी सगळी सरमिसळ ज्या धुनेत आहे, तिथं एक निवृत्त टायपिस्ट आणखी आल्यानं काय बिघडतं?

पण नागीण अवघड आहे. पुंगीचा सूर न तुटता चालतो. गारुडी गालात हवा भरून ठेवतो आणि नाकानं श्वास घेत राहतो. क्लॅव्हिओलिनवर कळ दाबली की दाबून धरेपर्यंत सूर तिथं आहे. बेंजोचा सूर जन्मतो आणि लगेच ओसरायला लागतो. त्याला जिवंत ठेवायचा तर एकच तार खाली-वर, खाली-वर, मनगट सैल ठेवून भराभर छेडत राहावी लागते. मास्तरांच्या हातात ती अशी सलग वाजते की ठोके ऐकूच येत नाहीत. माझ्या हातात प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. "नागीण आहे काकू, बेडूक नाही," मास्तर एकदा म्हणाले आणि जीभ चावली. मी त्यांना माफ केलं, कारण तेव्हा चहा आलेला होता आणि ते "अरे" होते.

घरात यावर निरनिराळी मतं आहेत. आमचे हे शब्दकोडं सोडवत पलीकडं बसतात आणि अधूनमधून विचारतात, "हे मघाचंच का?" हा प्रश्न टीका म्हणून विचारला जातो की रस घेऊन, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही करा हो." बिनसाखरेच्या चहाबद्दलही ती असंच म्हणते. नातवाचा मात्र प्रश्न नव्हता. एका दुपारी मी पहिल्या ओळीच्या अर्ध्यावर पोचले होते, पुढचा सूर सापडत नव्हता, तोवर हा पठ्ठ्या आतून रुमाल घेऊन आला आणि फरशीवर पालथा पडून फणा काढून डुलायला लागला. अर्ध्या ओळीत त्याला ओळखू आली! पुढची अर्धी मी चुकीची वाजवली तरी त्याचं नाचणं थांबलं नाही. त्या दिवशी मास्तरांना फोन करून सांगितलं, तर ते मांडवाखाली होते. मागं ताशा एवढा की त्यांनी फक्त "हां काकू, हां" म्हणून ठेवून दिला.

खरा विरोध झाला तो चौथ्या मजल्यावरच्या एका नाट्यसंगीतप्रेमी आजोबांचा. त्यांना आवाजाचा त्रास नाही, तत्त्वाचा आहे. "अहो, शिकायचंच तर भारतीय संगीत शिका. या कळांच्या वाद्यात मींड कुठाय? एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकता येत नाही. श्रुती नाहीत. हे वाद्यच नव्हे." हे ऐकून मी त्यांच्याकडची हार्मोनियम बघत बसले. १९४० पासून जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती नेमक्या याच कारणांनी. कळा आहेत, मींड नाही, परदेशी आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसानं जिला नाटकाच्या पिटात मानाची जागा दिली, ती पेटी रेडिओच्या दारात उभी करत नव्हते. आज तीच पेटी नाट्यसंगीताचा आत्मा आहे, असं आजोबा स्वतः सांगतात. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "पेटीची गोष्ट वेगळी." प्रत्येक वाद्याची गोष्ट आधी वाईट असते, मग वेगळी होते, आणि शेवटी पूर्वापार होते. बेंजो अजून पहिल्या टप्प्यात आहे एवढंच माझं म्हणणं.

आणि मींड नाही हे तरी कुठं संपूर्ण खरं आहे? कळ दाबून धरली आणि बोटाचा भार कमी-जास्त केला तर सूर किंचित डळमळतो. मास्तर तसं करतात. "हे कुणी शिकवलं?" असं विचारलं तर म्हणाले, "कोळीगीत वाजवताना आपोआप येतं." बलुचिस्तानात याच वाद्याचा मोठा भाऊ बेंजू म्हणून वाजतो आणि तिथले उस्ताद त्याच्यावर तासन् तास काय काय काढतात, ते मी भाच्याच्या मदतीनं ऐकलं आहे. वाद्याला मर्यादा असते, हे कबूल. पण ती मर्यादा कुठं आहे हे वाजवणाऱ्यानं सांगावं, चौथ्या मजल्यानं नव्हे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र कायद्याचा मार्ग धरला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यानुसार रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. त्यांनी मोबाइलवर मोजून बघितलं. माझा बेंजो अॅम्प्लिफायरशिवाय वाजतो, त्यामुळे पंचावन्नचा आकडा ओलांडला तो त्याच वेळी शिट्टी झालेल्या शेजारच्या कुकरनं. प्रकरण तिथंच मिटलं. पण त्या निमित्तानं मास्तर एक गोष्ट बोलून गेले ती माझ्या मनात राहिली. हल्ली मंडळं डीजे लावतात. डीजेला थकवा नाही, चहा नाही, दुसरी पाळी नाही. बेंजो पार्टीत पंधरा-वीस पोरं पोटाला लागतात, डीजेला एक पुरतो. आवाजाचा गुन्हा डीजेचा, आणि परवानगी देताना बेंजोवाल्यालाही त्याच रांगेत उभं करतात. मास्तर हे रागानं सांगत नव्हते. फ्यूज कुठला गेलाय हे सांगावं तसं सांगत होते.

जपानची गोष्ट मी अर्ध्यावर सोडली होती. मोरिता गोरोचं हे वाद्य तिकडं आज कोण वाजवतं ठाऊक आहे? उतारवयातली मंडळी, आणि त्यांतही बायका. हौशी वर्ग भरतात, सगळ्या रांगेत बसतात, समोर टेबलावर एकेक तैशोगोतो, त्याच्या कळांवर आकडे लिहिलेले. जुनी गाणी सगळ्या मिळून वाजवतात. वाजवायला सोपं, बसून वाजतं, नोटेशनची भीती नाही, म्हणून ते निवृत्तांचं वाद्य झालं. तोच डबा समुद्र ओलांडून इकडं आला आणि विशीतल्या पोरांच्या गळ्यात पडला, उभ्यानं, चालत, गुलालात वाजायला लागला. मी मास्तरांना तिकडच्या आज्यांचा व्हिडिओ दाखवला. ते पहिल्यांदा हसले, मग गंभीरपणे बघत राहिले आणि म्हणाले, "हात किती सैल ठेवलेत बघा काकू." तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या लोकांनी मला विचारलं की हे काय वय आहे का बेंजोचं, तर मी सांगते की हेच वय आहे. तुमची मुलं चुकीच्या वयात वाजवताहेत.

सॉक्रेटिसानं म्हातारपणी लायर नावाचं तंतुवाद्य शिकायला घेतलं होतं. सिसेरोनं वार्धक्यावरच्या त्याच्या पुस्तकात ते नोंदवलंय, आणि हा मजकूर निवृत्त माणसाला वर्षातून दोनदा तरी व्हॉट्सअॅपवर येतोच. त्याच्या शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र कुणी पुढं पाठवत नाही. अशा थोर उदाहरणांचा मला फारसा उपयोग होत नाही. ती माणसं काहीही शिकली तरी थोरच राहणार होती. माझ्यासारखीला उशिरा शिकण्यातलं सुख वेगळं आहे. लहानपणी काहीही शिकायला घेतलं की मागोमाग विचारणारे येतात: परीक्षा कधी, स्पर्धेत नाव दिलं का, पुढं काय करणार? साठीनंतर "पुढं काय" हा प्रश्न विचारायला माणसं कचरतात. आणि बेंजोला तर परीक्षा माहीत नाही, घराणं माहीत नाही, उस्तादाच्या पायाशी बारा वर्षं बसल्याची कथा माहीत नाही. सतार चुकीची वाजवली तर परंपरेचा अपमान होतो. बेंजो चुकीचा वाजवला तर नातू तरीही नाचतो. मानाचं वाद्य शिकायला आयुष्य हाताशी लागतं, म्हणून म्हातारपणी बिनमानाचं घ्यावं, या मतावर मी आता ठाम आहे. माझी तयार झालेली गाणी एका हाताच्या बोटांवर मोजून होतील आणि बोटं उरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलं की काल येत असलेली ओळ हातातून निसटलेली असते. साठी बुद्धी नाठी, पण बोटं त्याहून नाठाळ. मग पुन्हा शोधायची. कचेरीत कागद एकदा टाइप झाला की झाला, त्याच्याकडं परत बघायचं नसे. इथं एकच ओळ रोज नव्यानं सापडते आणि मला त्याचा कंटाळा येत नाही, याचं मलाच नवल वाटतं.

यंदा मास्तरांच्या पार्टीनं मला गणपतीत बोलावलं आहे. चालायचं नाही, टेंपोत बसायचं. फक्त नागीण, फक्त पहिली ओळ, पुढं ते सांभाळणार. गुडघ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, ह्यांनी "हे मघाचंच का?" असं विचारून दिलेली आहे. चौथ्या मजल्यानं अजून काही कळवलेलं नाही.

तुमच्या घरी माळ्यावर एखादा बुलबुल तरंग पडला असण्याची शक्यता बरीच आहे. मुंजीत, वाढदिवसाला तो कुणीतरी कुणालातरी दिलेला असतो आणि आठवड्यात मागं पडलेला असतो. भंगारवाल्याला घालण्याआधी खाली काढून बघा. तारा गंजल्या असतील तर वाद्यांच्या दुकानात नव्या मिळतात, फार महाग नसतात. कळांच्या स्प्रिंगा तेवढ्या तपासून घ्या. आणि मास्तर हवे असतील तर पितृपक्षात विचारा, एरवी फोन लागणार नाही.